लाईन मोकळी ठेवायची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, अण्णाला तर नाहीच नाही. मधे एकदोनदा ओठांवर आलं होतं — चहा मागवला, विषय बदलला, झालं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढंच बहुधा. घरातल्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं की माझी दातखीळ बसते.

आधी पेजरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मोबाईल आले होते म्हणे, पण आमच्यासारख्यांनी ते लांबूनच बघायचे. आमच्या पट्ट्याला पेजर — काडेपेटीहून जरा मोठी काळी डबी. कुणाला निरोप द्यायचा असला की मी नोकरीला होतो त्या पेजर कंपनीच्या केंद्रात फोन करायचा. तिथली मुलगी तो ऐकून टाईप करायची, की इकडे डबी थरथरायची आणि एका ओळीच्या काचेवर अक्षरं सरकायला लागायची. डबीतून उत्तर देता येत नसे. उत्तर द्यायचं तर बूथ शोधा, रांगेत उभे राहा आणि फोन लावा. म्हणून ज्यानं पेज केलं त्यानं फोनपाशीच बसायचं आणि दुसऱ्या कुणाला फोन लावायचा नाही. लाईन मोकळी ठेवायची! हे मी गिऱ्हाइकांना घोकून घोकून सांगायचो. वहिनीलाही मीच शिकवलं.

आम्ही बनशंकरीत राहायचो. आई-अप्पा, अण्णा, वहिनी आणि मी. आमचे पूर्वज कधी या गावात आले ते आम्हालाही धड माहीत नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडण झालं की दोन्ही. अण्णा माझा मोठा भाऊ. स्कूटरवरून दुकानादुकानांत पंख्यांचे सुटे भाग पोचवायचा. दिवसभर कुठे असेल त्याचा नेम नसायचा, म्हणून मी त्याला पेजर घेऊन दिला. अप्पांना छातीचा त्रास होता ना. मीच म्हटलं होतं, काही झालं तर वहिनी एक फोन करेल, तू पोचशील. किती ऐटीत म्हटलं होतं!

इंदिरानगरच्या ऑफिसात माझं काम होतं जाहिरातींचं. पेजरवरून जाहिरात — तेव्हा हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, माझ्या होतं. पेपरातली जाहिरात माणूस उलटून टाकतो. भिंतीवरची बघतही नाही. पण कमरेला थरथरलेलं? ते तो जेवणावरून उठून वाचतो. कारण त्याला वाटतं, आपल्या माणसानं आठवण काढली. मी विकत होतो ते हेच, दुसरं काय? चिक्कपेटेतला एक साडीवाला पहिला तयार झाला. मी दुकानाचं नाव, सेल, पत्ता, सगळं नीट पाठवलं. काळं कुत्रं फिरकलं नाही.

मग मी डोकं चालवलं. नाव काढून टाकलं. साडी हा शब्दही काढला. ठेवलं काय — ‘अर्जंट. कॉल इमिजिएटली.’ आणि दुकानाचा नंबर सगळ्यात शेवटी, म्हणजे अक्षरं सरकून सरकून तो दिसेपर्यंत माणसाच्या पोटात गोळा आलेला असायचा. लोक धावत बूथ गाठायचे, फोन लावायचे, आणि पलीकडून एक गोड आवाज सांगायचा की साड्यांचं प्रदर्शन लागलंय. शिव्या पडल्या, हो. पण दुकानात गर्दीही झाली. मुंबईहून आलेल्या आमच्या साहेबानं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आणखी दुकानं आली. रोज तेच वाक्य टाईप करायचा मुलींना कंटाळा यायचा, म्हणून मी ते अख्खं वाक्य कीबोर्डच्या एका बटणावर बसवून घेतलं. बटण दाबा, नंबर घाला, पाठवा.

केंद्रात नागवेणी म्हणून एक मुलगी होती. हुशार, पण फोनांच्या माऱ्यानं मेटाकुटीला आलेली. तिनं एकदा विचारलं, सर, लोकांचे खरे निरोप असतात ना घाईचे, रडत ओरडत सांगतात, टाईप करायला वेळ जातो — त्यांनाही हेच बटण दाबलं तर? मी हातातला चहा खालीसुद्धा ठेवला नाही. कन्नड मिसळून म्हटलं, सरी — म्हणजे बरं — दाब की, स्वल्प वेळ वाचेल.

एवढंच. सरी, स्वल्प वेळ वाचेल.

अण्णालाही त्या जाहिराती जायच्या. एकदा के. आर. पुरमला भर उन्हात स्कूटर टाकून तो बूथकडे पळाला, अप्पांचंच काही असेल म्हणून, आणि त्याला ऐकवलं काय, तर रेशमी साड्या! संध्याकाळी घरी येऊन माझ्यावर असा भडकला — अय्यो, माणूस आहेस का कोण तू? माझा नंबर काढ त्यातून, आत्ताच्या आत्ता! मी हसलो. काढतो म्हणालो. वहिनीही पदर तोंडाला लावून हसली होती, ते मला अजून दिसतं. नंबर मी काढला नाही. उद्या काढू, परवा काढू. आळस, दुसरं काही नाही. नंतर तो म्हणायला लागला की ते ‘अर्जंट’ दिसलं रे दिसलं की मी पुसून टाकतो, पुढे बघतच नाही. यावरही मी हसलोच.

आता तो दिवस.

मी म्हैसूरला होतो, एका दुकानदाराला पटवायला. माझा पेजर शहराबाहेर मुका. आई मामाकडे गेलेली. घरात अप्पा आणि वहिनी, दोघंच. दुपारी जेवून उठताना अप्पांच्या छातीत कळ आली. वहिनीनं त्यांना आडवं केलं, फोनकडे धावली, आमच्या केंद्राचा नंबर लावला आणि अण्णासाठी निरोप सांगितला. आणि मग, तुम्हाला कळलं ना? ती फोनपाशी बसली. डॉक्टरांना फोन केला नाही. शेजारी हाक मारायला गेली नाही. अण्णाचा फोन येणार आणि लाईन मोकळी हवी! अप्पा आतल्या खोलीत कण्हत होते, आणि ती दारातून त्यांच्याकडे बघत, रिसीव्हरवर हात ठेवून, बसून राहिली. शेजारच्या सरोजक्का कढीपत्ता मागायला आल्या म्हणून आरडाओरडा झाला, रिक्षा आली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर केलात.

मी रात्रीच्या बसनं पोचलो. आई भिंतीला टेकून बसलेली. अण्णा एकच वाक्य परत परत बोलत होता — मला कळवलं का नाही? वहिनी म्हणत होती, मी फोन केला हो. अण्णानं पेजर माझ्यापुढे धरला. म्हणाला, बघ, घरचा एकही निरोप नाही, दुपारी फक्त तुझी ती साड्यांची फालतू जाहिरात आली, ती मी पुसली.

 पण त्या दिवशी जाहिरात गेलीच नव्हती. मी म्हैसूरला होतो, आणि माझ्याशिवाय जाहिराती जात नसत. अण्णानं काय पुसलं, ते त्या क्षणी, त्या खोलीत, फक्त मला कळलं. तेव्हाच बोलायचं होतं की नाही? तोंड उघडलं होतं मी — आणि विचारलं काय, तर आईनं काही खाल्लं का.

क्रियाकर्म उरकल्यावर अण्णा म्हणाला, तुझ्या ऑफिसात विचार, खरंखोटं कळू दे. मी गेलो. नागवेणीला बाजूला घेऊन विचारलं, तिला लगेच आठवलं. बनशंकरीहून एक बाई, श्वास लागलेला, सासऱ्यांच्या छातीत दुखतंय, लगेच या, असं दोनदा म्हणाली. मग तू काय पाठवलंस? तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी वेड्यासारखं विचारतोय. बटण दाबलं ना, सर.

घरी येताना बसमध्ये मी मनात वाक्य जुळवत होतो. अण्णा, चूक माझी आहे. अण्णा, ऐक. दारातच तो उभा होता. मागे आई. स्वयंपाकघराच्या चौकटीत वहिनी, हातात पिठाचं भांडं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? आशा होती हो. आता भावजी सांगतील, असा चेहरा.

मी म्हणालो, घरून फोन आल्याचं तिथे कुणालाच माहीत नाही.

भीती कशाची होती, नोकरीची? थोडी. अण्णाची? हो. पण खरं सांगू, सगळ्यात जास्त मला हे नको होतं की अप्पा गेले आणि ते माझ्या त्या हुशारीनं गेले. वहिनी एवढंच म्हणाली, “मी लाईन मोकळी ठेवली होती, भावजी.” मी चपला काढत होतो. त्या काढायला मी फार वेळ लावला.

त्यानंतर आई तिला कधी ओरडून बोलली नाही, पण आलेल्यागेलेल्याला सांगायची — सून घरात होती हो, पण घाबरली आणि आता फोन केला म्हणते. अण्णानं तिच्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. नातेवाइकांत ती खोटं बोलणारी ठरली. मी त्या महिन्यातच ते बटण काढून टाकलं. कुणी कारण विचारलं नाही. पेजरही लवकरच गेले, सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, आणि माझ्या त्या शोधाची आठवण कुणाला राहिली नाही.

सुरुवातीला वहिनी भांडायची, शपथा घ्यायची. मग गप्प झाली. आणि मग — हे मला सगळ्यात जड जातं — तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला. एका वर्षी अप्पांच्या तिथीला, पानं वाढून झाल्यावर, ती मला हळूच म्हणाली, “मीच बहुतेक नंबर चुकीचा फिरवला असेन. तिथे कुणी बोललं असं मला नुसतं वाटलं असेल. हो ना?”

मी म्हणालो, जाऊ दे वहिनी, झालं ते झालं.

आता ती दरवर्षी तिथीला अप्पांच्या फोटोपुढे हात जोडते आणि पुटपुटते, चुकलं माझं. आई आता नाही. अण्णा म्हातारा झालाय, तिच्यावर रागावायचं विसरलाय, पण माफ केल्याच्या थाटात वागतो. मी तिच्या शेजारी हात जोडून उभा असतो. प्रसाद घेतो, जेवतो, घरी येतो. या वर्षीही तेच केलं.

तिथे हजर होतो आणि बोललो नाही, ते इथे लिहितो. फोन आला होता. वहिनीनं केला होता. नंबर बरोबर होता, निरोप स्पष्ट होता, आणि त्यानंतर मी शिकवलं होतं तशी तिनं लाईन मोकळी ठेवली होती.