न झाडलेल्या गोळीचा जबाब

आमच्या घरमालकांइतका बंदुकीवर जीव असलेला आणि बंदुकीचा चाप क्वचितच ओढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्यांची ती बंदूक गेली, ती माझ्यामुळे. एवढं साधं वाक्य तोंडातून निघायला मला नऊ वर्षं लागली. माझं ऐकण्यात चुकलं, पाहण्यातही चुकलं. त्या दोन चुका कुणाच्याही हातून झाल्या असत्या. पण त्यानंतर मी गप्प बसलो, ती चूक फक्त माझी.

सत्त्याहत्तर साली मी मुळशीच्या तलावाकाठच्या एका गावात शिक्षक म्हणून गेलो आणि आबांच्या घरातली पुढची खोली मला राहायला मिळाली. आबा पन्नाशीचे, भातशेतीवाले, पिळदार मिश्यांचे. वडिलांची एकनळी बंदूक पिकाच्या राखणीच्या परवान्यावर त्यांच्याकडे आलेली. वर्षातून एकदोनदा रानडुकरं भातात उतरली की आबा अंगणात येऊन आभाळाकडे एक बार काढत, आणि डुकरांच्या आधी त्यांच्या बायको, आमच्या काकू, दचकत. बंदुकीचं काम एवढंच. दर रविवारी सकाळी मात्र ती घोंगडीवर निजवून, शिलाई मशीनचं तेल लावून, लहान मुलाला न्हाऊ घालावं तशी पुसली जाई. त्या वेळी घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

नेमबाजीचं बाकीचं सगळं वेड आबांनी भलत्याच उद्योगांत वाटून टाकलं होतं. दिसेल त्या वस्तूचं अंतर पावलांत सांगायची त्यांना खोड होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "गुरुजी, हितनं तुमची शाळा चारशे बारा पावलं. फाटकापातुर. आत न्हाई मोजलं, तितं गुरुजी मारत्यात म्हणं." चाप ओढण्याआधी श्वास धरायचा, ती विद्या त्यांनी सुईत दोरा ओवण्यात घातली होती. आळीतल्या म्हाताऱ्या सुया घेऊन ओट्यावर रांगेनं बसत आणि आबा एकेक सुई उजेडाला धरून सांगत, "श्वास अर्धा सोडायचा आन् थांबायचं. घाई केली की दोरा बी चुकतो आन् जनावर बी." दोरा पहिल्या खेपेला आरपार जाई. दुसऱ्या खेपेला गेलेला मी तरी पाहिला नाही.

तलावावर गळ टाकून ते तासन्‌तास बसत. मासा लागला की त्याला हातात घेऊन उलटासुलटा न्याहाळत आणि परत पाण्यात सोडत. रिकामी टोपली पाहून काकू म्हणत, "आता मासं बी वळखीनं येत्यात ह्यांच्या गळाला. पाव्हणचार घेऊन जात्यात." तित्तराची हाक तर ते अशी घालत, की माळावरून खरा तित्तर उत्तर द्यायचा. एकदा पौडला जायची एस.टी. समोर उभी असताना त्यांचं हे संभाषण रंगात आलं. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, गाडी निघून गेली. मी चिडलो, तर आबा शांतपणे म्हणाले, "तो बोलत हुता न्हवं. मधीच कसं उठायचं?"

आणि गोफण. गोफणीच्या मोकळ्या टोकाला घायपाताच्या वाखाचा झुपका बांधून ते काठावरून पाण्यातल्या खुंटावर ठेवलेलं फुटकं मडकं टिपत. झुपका हवेत असा कडाडे, की समोरच्या डोंगरातून बार परत येई. पण हे गोफणीचं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती.

माझा तिथला पहिला हिवाळा होता. शिकारबंदीचा कायदा नवा होता आणि मी वर्गात मुलांना त्यावर तळमळीनं शिकवत होतो. एका सकाळी तलावाकडून बार ऐकू आला, पाण्यावरची बदकं उडाली, आणि अर्ध्या तासानं आबा ओली पिशवी घेऊन चोरासारखे मागच्या दारानं गोठ्यात शिरले. पिशवीतून बदकाची मान बाहेर आली होती. चांगली ताठ होती. मेलेल्या बदकाची मान ताठ राहत नाही, हे शिक्षकाच्या ध्यानात यायला हवं होतं.

त्याच महिन्यात परवान्याच्या नूतनीकरणासाठी हवालदार आले. गावातल्या दोन भल्या माणसांना विचारायची रीत होती. एक मी आणि दुसरे आबांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळे तात्या म्हणत. खरं बोलणं हे माझं कर्तव्य, अशा भरात मी ऐकलेला बार आणि पाहिलेलं बदक दोन्ही लिहून दिलं. परवाना गेला. बंदूक ठाण्यात जमा झाली.

पंधरा दिवसांनी गोठ्यात कंदिलाची काच शोधायला गेलो, तेव्हा फळीवर सात बदकं ओळीनं बसलेली दिसली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, पिसन्‌पीस कोरलेली. आबा मागून आले आणि लाजले. "कुनाला सांगू नगा गुरुजी. म्हातारा खेळणी करतुया म्हनत्याल. पान्यात सोडली की खरी बदकं जवळ येऊन बसत्यात, मग निवांत बघाया मिळतं." त्या सकाळचा बार गोफणीच्या झुपक्याचा होता, हेही त्यांच्याच बोलण्यातून कळलं. मी बदक हातात घेतलं. ते अजून थोडं ओलसर लागलं, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

तेव्हाच हवालदारांकडे जाऊन जबाब फिरवता आला असता. पण शिक्षकानं खोटं लिहून दिलं असं गाव म्हणेल, खोली जाईल, बदली होईल, असले हिशेब मी करत बसलो. त्याच आठवड्यात तात्या ओट्यावर आले. बांधावरून दोघांची जुनी कुरकुर होती, त्यामुळे आबांचा संशय सरळ तिकडेच गेलेला. तात्या कळवळून म्हणाले, "आबा, आईची आन घेतो, मी तक्रार न्हाई केली."

"तू न्हाई केलीस, मग काय गुरुजींनी केली?" आबा म्हणाले.

मी दारात उभा होतो. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि असल्या गोष्टीची शक्यताच नाही अशा विश्वासानं पुन्हा एकमेकांकडे वळले. मी पाणी पिण्याचं निमित्त करून आत गेलो. त्या दिवसापासून दोन घरांचं येणंजाणं थांबलं. रविवारी सकाळी आबा सवयीनं तेलाची बाटली घेऊन बसत आणि पुसायला काही नाही हे आठवलं की उठून दारांना तेल घालत. आधी घरच्या, मग आळीतल्या. वर्षभरात आळीतली एकही बिजागरी कुरकुरेना. तात्यांचं तेवढं एक दार कुरकुरत राहिलं.

पुढं माझी बदली झाली. शहाऐंशीच्या थंडीत, चाळिशी उलटल्यावर, मी एकटाच एस.टी.नं गावात उतरलो. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आता सुया दुसरंच कुणी ओवत होतं आणि आबा पाखरं नुसती कानानं ओळखत होते. चहा येण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं. बार, पिशवी, जबाब आणि त्या दिवशी दारात गप्प राहिलो, तेही.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बंदूक काय, लोखंड हुतं. नऊ वरसं मी माझ्या भावाशी बोललो न्हाई, गुरुजी." त्यांनी काठी शोधली. "माझ्याकडं काय सांगताय? उठा."

तात्या अंगणात कामट्या सोलत बसले होते. आबांना फाटकात पाहून त्यांचा कोयता थांबला. "वाट चुकलास काय?"

"गुरुजींना बोलायचं हाय," आबा म्हणाले. "मला बी हाय. पर आदी त्येंचं ऐक."

मी चपला काढल्या. का काढल्या, ठाऊक नाही. म्हणालो, "तात्या, आबांच्या विरुद्ध जबाब मी दिला होता. तुम्ही नाही. तुम्ही आईची शपथ घेतलीत तेव्हा मी तिथंच होतो, आणि मी तोंड उघडलं नाही. नऊ वर्षं माझी चूक तुम्ही भोगलीत. ते भरून देणं माझ्या हातात नाही. मला माफ करा."