गंगीचा धूर, चंद्रीच्या माश्या

जुळे सोलापुरात महेश्वरीला सगळे ‘दूधवाली’ म्हणतात. नाव विचारायची गरज कुणाला पडली नाही. कॉलनी संपून बाभळी सुरू होतात तिथं तिचा पत्र्याचा गोठा. आधी गोठाच होता, फ्लॅट नंतर आले. पण फ्लॅटमधल्यांना वाटतं, गोठाच त्यांच्या अंगावर येऊन बसलाय.

नवरा शरणप्पा चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. पाळी संपवून घरी येताना ट्रकनं उडवला. मागं राहिल्या सासू अक्कम्मा आणि दोन गाई. थोरली गंगी आटत चालली होती. धाकटी चंद्री पहिलटकरीण, गाभण. महेश्वरीचं सगळं गणित चंद्रीच्या पोटात होतं. रतीब घालता घालता ती बायांना सांगायची, “दिवाळीला चंद्री व्यायची हाय. मग बघा दूध कसं असतंय.”

त्या वर्षी जनावरांमध्ये लम्पी हा गाठींचा रोग आला. लस टोचणारे गोठ्यावर आले तेव्हा अक्कम्मा दारात आडवी उभी राहिली. गाभण गाईला सुई लावली की गाभ जातो, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. “माजा नातू हाय त्या पोटात,” म्हणाली. नातू तिला नाहीच. वासरालाच ती नातू म्हणायची. टोचणारे गंगीलाही न टोचता गेले. मी शेजारीच राहतो, गोठ्यावर रोजचं येणं-जाणं; त्या दिवशी अक्कम्माशी कडाकडा भांडलो. तिनं मला चहा दिला आणि पुन्हा नाहीच म्हणाली.

भाद्रपदात गंगीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी मानेवर, पाठीवर, कासेवर गाठी. अक्कम्मानं गाठींवरून हात फिरवला आणि हात जोडले.

“अव्वा, हात काय जोडताय? डॉक्टरला बोलवू की,” महेश्वरी म्हणाली.

“बोलव. पण आदी धूर. अंगात देवी आली की तिच्यापुढं लिंबाचा धूर करायचा. तिला बरं वाटलं की ती जाती.”

महेश्वरीला देवीचं तितकं पटत नव्हतं, पण धुरानं माश्या जातात हे पटत होतं. तिनं घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, वर ओला लिंबपाला टाकला. दहा मिनिटांत वरच्या फ्लॅटमधून एक साहेब खाली आले.

“कपड्यांना वास येतोय. गाई पाळायच्या तर गावाकडं जावा ना.”

“ह्येच गाव हुतं की साहेब,” महेश्वरी म्हणाली. “तुमी आलासा आन शहर झालं.”

मी साहेबांना आणखी चार शब्द सुनावले. त्याचा उपयोग एवढाच झाला की एका घमेल्यावर तडजोड झाली. लम्पी माणसाला होत नाही, हे सांगून माझा घसा बसला, तरी निम्म्या घरांनी मोबाईलवरचे मेसेज वाचून दूध बंद केलं.

एकच घमेलं. कुठं ठेवायचं हा प्रश्नच कुणाला पडला नाही. आजारी गंगीपुढं. धूर देवीचा, देवी गंगीच्या अंगात. चंद्रीला वेगळं करायचं म्हणून गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला बांधली, मोकळ्या हवेत, उकिरड्यालगत. महेश्वरी दिवसभर गंगीपुढं बसून घमेलं फुंकायची. डोळे लाल व्हायचे. गंगीच्या अंगावर एक माशी राहू दिली नाही तिनं.

अक्षता डॉक्टर जनावरांच्या, त्यांच्याकडं वीस-बावीस गावं. त्या स्कूटरवरून तिसऱ्या-चौथ्या दिवशी आल्या. गंगीला इंजेक्शन दिलं, उभ्या राहिल्या, आणि घमेल्याकडं बघतच राहिल्या.

“चंद्रीपुढं नाही ठेवलं?”

“तिला कुटं काय झालंय?” महेश्वरी म्हणाली.

डॉक्टर चंद्रीजवळ गेल्या. चंद्री एकसारखी पाय आपटत होती. खुरांच्या वर, नळीवर, माश्या तोंड वर करून बसलेल्या. एक त्यांनी चापट मारून पाडली आणि तळहातावर दाखवली. दिसायला घरातल्या माशीसारखीच. पण तोंडाशी काळी, ताठ सुई, पुढं आलेली.

“ही चाटत नाही, टोचते. नर असो, मादी असो, दोघंही रक्त पितात. गाय पाय झाडते, माशी अर्ध्या पोटी उठते आणि पोट भरायला जवळच्या दुसऱ्या गाईवर जाऊन बसते. सुईला पहिल्या गाईचं रक्त तसंच असतं.”

“म्हंजे मच्छरासारकं?” मी विचारलं.

“मलेरियाचा जंतू मच्छराच्या पोटात वाढतो, त्याला दिवस लागतात. हिला दिवसच लागत नाहीत. न धुतलेली सुई आहे ही, उडणारी.”

महेश्वरीनं गंगीकडं बघितलं. धुरात निवांत उभी होती. मग चंद्रीकडं.

“मग मी हाकललेल्या समद्या हिच्यावर आल्या.”

डॉक्टरांनी उकिरड्याकडं बोट दाखवलं. ओला कडबा, शेण आणि मूत एकत्र कुजलेलं. माशीची अंडी तिथंच, आळ्या तिथंच. चंद्रीला आम्ही माश्यांच्या घरात नेऊन बांधलं होतं, धुरापासून लांब.

संध्याकाळपर्यंत उकिरडा उपसून आम्ही लांब उन्हात पसरला. घमेलं चंद्रीपुढं आलं. जुन्या मच्छरदाण्या शिवून तिच्याभोवती पडदा केला. महेश्वरी दर तासाला तिच्या कानाला हात लावून ताप बघायची आणि “गार हाय” म्हणायची. सलग तीन-चार दिवस म्हणाली. मग एका दुपारी म्हणाली नाही.

गंगी सावरली. अक्कम्मा म्हणाली, देवी पावली. महेश्वरी एरवी सासूला उलटून बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, “कुणाला पावली अव्वा?”

चंद्रीनं गाभ टाकला. वासरू पूर्ण घडलेलं होतं, कपाळावर पांढरा ठिपका. अक्कम्मानं ते आपल्या लुगड्यात गुंडाळलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही बाभळीखाली खोल खड्डा घेतला, चुना टाकला.

त्यानंतर चंद्री बसली ती बसलीच. पायांना सूज. डॉक्टरांचा फोन आला, “तिला उठवा. तशीच बसून राहिली तर अंगाखालचं मांस सडेल, मग माझ्याकडं काही नाही.”

पोटाखालून पोती घातली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला फ्लॅटचा वॉचमन सिद्धप्पा. अक्कम्मा शेपटीशी. पहिल्यांदा हललीच नाही.

“लई खाल्लंय की हिनं,” सिद्धप्पा धापा टाकत म्हणाला.

“खाणारच की. दोन जिवाची हुती,” महेश्वरी म्हणाली.

सिद्धप्पानं टोपी काढून ठेवली. पोतं पुन्हा हाताला गुंडाळलं आणि म्हणाला, “उचला.”

मागचे पाय आधी आले. पुढचे थरथरले, वाकले, मग टेकले. चंद्री उभी. महेश्वरी तिच्या मानेखाली खांदा घालून उभी राहिली. माझे हात सोलून निघाले होते.

“अक्का, सोडू का? गेटवर माज्या जागी कुणी न्हाय,” सिद्धप्पा म्हणाला.

“न्हाय.”

“किती वेळ धरायचं?”

“तिला वाटंल तवर,” महेश्वरी म्हणाली. “धरा.”