वरून दिसलेली भेग

कुर्डुवाडीला गाडी बदलून लातूरच्या छोट्या गाडीत बसले, तेव्हापासूनच माझी चुळबुळ सुरू झाली. ही गाडी इतकी सावकाश चालते की खाली उतरून तिच्याबरोबर चालावं असं मनात येतं. माझ्या पायाला भिंगरी आहे असं घरचे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. बाहेर बघावं तर करपलेली ज्वारी, कोरडे ओढे आणि बाभळीखाली बसलेली हाडकुळी जनावरं. समोरच्या बाकावरच्या म्हातारबांनी विचारलं, "कुण्या गावच्या?"

"पुण्याची."

"मंग इकडं कशाला? हितली माणसं तिकडं जाऊन राहिलीत."

त्यांना काय सांगणार? मुलांसाठी मी एक पुस्तक लिहीत होते. अवकाशविज्ञानात मोठं काम केलेल्या माणसांचं. रॉकेटचा शेंडा सायकलवरून नेणारे तंत्रज्ञ, बैलगाडीवर उपग्रह ठेवून त्याची तपासणी करणारे शास्त्रज्ञ, नुकताच अवकाशात जाऊन आलेला आपला वैमानिक, सगळ्यांवर लिहून झालं होतं. पण यांतल्या एकालाही मी भेटले नव्हते. सगळं कात्रणांवरून. त्याची मला मनातून लाज वाटत होती. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, की उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जमिनीखालचं पाणी शोधणारी एक मंडळी हैदराबादेत आहे आणि त्यांच्यात चाकूरजवळच्या खेड्यातली शालन नावाची बाई आहे. तिला पत्र टाकलं. तिने कळवलं, की मी गावी येते आहे, माझ्याच गावात बोअर घ्यायचं आहे, तेव्हाच या. मी पिशवी भरली आणि निघाले.

लातूर तेव्हा नवीनच जिल्हा झालेला. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत आणि दारावरच्या पाट्यांचा रंग अजून ताजा. स्टँडसमोरच्या हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, दाण्याचं कूट घातलेला नाश्ता) खाल्ला. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, म्हणून आणखी पाणी मागितलं, तर मालकाने अर्धाच पेला भरून ठेवला.

"आता आमी जिल्हा झालो, बाई," तो म्हणाला. "कलेक्टर आले, एसपी आले. पाणी सोडून समदं आलं."

चाकूरच्या स्टँडवर शालन घ्यायला आली होती. पस्तिशीची, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात गुंडाळलेलं मोठं छायाचित्र. तिच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांना तिथेच राहायचं आहे. वाटेत एका चिंचेखाली थांबून तिने ते छायाचित्र माझ्यापुढे पसरलं. तपकिरी पसाऱ्यात कुठे कुठे लाल ठिपके.

"यात हिरवं ते लाल दिसतं," ती म्हणाली. "लाल म्हणजे जिवंत झाड. आता ही फिकट लाल रेघ बघा, कशी सरळ गेली आहे. एवढ्या उन्हाळ्यात इथली झाडं तग धरून आहेत, म्हणजे खाली काळ्या दगडात भेग असणार."

"आणि तुमचं गाव कुठे आहे यात?"

"ते दिसत नाही. फार लहान आहे."

तिने इथे येऊन यंत्राने जमीनही तपासली होती. ती रेघ गावाच्या खालच्या अंगाने, बौद्ध वस्तीच्या मागून जात होती आणि सर्वांत चांगली जागा नेमकी शालनच्या आईच्या, गयाबाईंच्या, दारात येत होती. सरकारकडून गावाला एकच बोअर मिळणार होतं. त्याआधी गावाने स्वतः दोन घेतली होती, दोन्ही कोरडी. त्या जागा पाणाड्याने (हातावर नारळ उभा धरून पाणी सांगणारा) दाखवलेल्या. तो सबंध शिवार फिरला होता, फक्त वस्तीकडे आला नव्हता.

"कुणी अडवलं त्याला?" मी विचारलं.

"कुणीच नाही. त्याच्या लेखी गाव वस्तीच्या अलीकडेच संपतं. गावाच्याही लेखी. दोन बोअर फुकट गेली, तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही."

गयाबाईंचं घर दोन खोल्यांचं, भिंतीला निळा रंग, आत बुद्धाची तसबीर. त्यांनी भाकरी, उडदाचं घुटं आणि मिरचीचा ठेचा वाढला. हात धुवायला पाणी देताना तांब्याखाली परात धरली आणि परातीतलं पाणी कोंबड्यांना ठेवलं. जेवताना मायलेकींचं चालूच होतं.

"ती दुसरी जागा हाय की, नाल्याच्या अंगाला," गयाबाई म्हणाल्या. "तिथं बोर घ्या म्हण त्यांना."

"तिथं भेग बारीक आहे, माय."

"असू दे बारीक. गावाच्या बाजूला हाय ना."

"तिथं पाणी लागायचं नाही."

"आन हितं तरी लागतंय का?"

शालनने हातातला घास खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खरं सांगू? भेग आहे एवढंच मला वरून कळतं. भेगेत पाणी आहे का, ते बोअर पाडणारं मशीनच सांगेल."

"बघा बाई," गयाबाई मला म्हणाल्या. "ही जाईल हैदराबादला. मला हितं राहायचंय."

मला शालनचं पटत होतं आणि गयाबाईंचा मनातून रागच आला. लेकीने एवढं शिकून, एवढ्या उंचीवरून गावासाठी पाणी हुडकावं आणि आईने चार बोलण्यांना भ्यावं, हे काय? पोरीची जागा कोरडी निघाली म्हणजे गाव नावं ठेवील, हीच त्यांची भीती आहे असं मी धरून चालले होते. संध्याकाळी सरपंच नाना आले. ते ओट्यापाशी उभ्या उभ्या बोलले, बसले नाहीत.

"शालनताई, तुमी म्हणाल तिथं घेऊ. आमची दोन वाया गेली, आता आमाला तोंड न्हाई," ते म्हणाले. "पण मशीन अहमदपूरकडं अडकलंय. कवा येईल, सांगता येत न्हाई."

थांबणं मला जमत नाही. दोन दिवस मी वस्तीतून स्टँडपर्यंत आणि स्टँडवरून वस्तीपर्यंत येरझारा घातल्या. मशीनचा पत्ता नव्हता. नांदेड, उमरी आणि बिलोलीला शाळांमधून माझी व्याख्यानं ठरलेली होती. शेवटी शालनच म्हणाली, "तुम्ही जाऊन या. तुमच्याकडे बघून मलाच धाप लागते आहे." मी एस.टी. पकडली, पण जीव सगळा मागे.

नांदेडला गोदावरीत पाण्याची डबकी उरली होती. घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवर पोरं क्रिकेट खेळत होती. सभागृहात मी सायकलवरच्या रॉकेटची गोष्ट सांगितली, टाळ्याही मिळाल्या. पण बोलताना माझं लक्ष दारातून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे. चाकूरचा निरोप इथे कोण आणणार होतं, देव जाणे. खेड्यात फोन नव्हता.

उमरीला रेल्वेने गेले. तिथल्या शाळेत, पडद्यावर वैमानिकाचं चित्र असताना, मागे उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "त्या माणसाला वरून आमचा दुष्काळ दिसला आसंल का?"

"दिसला असेल. जमीन तपकिरी दिसली असेल."

"मंग त्यानं खाली येऊन कुणाला सांगितलं का न्हाई?"

लोक हसले, पण ती बाई हसली नाही. मी उपग्रह, छायाचित्रं, हैदराबाद असं बरंच काही सांगितलं आणि शेवटी शालनचंही सांगून टाकलं. "एक बाई सांगते आहे खाली येऊन," म्हणाले. "तिथे पाणी लागलं का ते अजून मलाच ठाऊक नाही." एवढ्या लोकांपुढे हे बोलून बसले आणि त्या रात्री मला धड झोप लागली नाही. उद्या बोअर कोरडं निघालं तर ही बाई काय म्हणेल?

बिलोलीत तर मी व्याख्यान आवरतंच घेतलं. हेडमास्तरांनी जेवायचा आग्रह केला. "एवढी काय घाई हाय, बाई? चुलीवर भाकरी टाकून राहिलेत," ते म्हणाले. मी ती भाकरी फडक्यात बांधून घेतली आणि देगलूर-उदगीर मार्गे निघाले.

उदगीरच्या अलीकडे एस.टी. तापली आणि वाफा सोडत उभी राहिली. जवळ विहीर नाही, ओढा नाही. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं आणि कंडक्टर आत येऊन म्हणाला, "ज्याच्यापाशी पाणी हाय त्यानं घोट घोट द्यावं, न्हाई तर रात हितंच." कुणी बाटली पुढे केली, कुणी फिरकीचा तांब्या. मागच्या एका आजींनी आपला तांब्या उघडला, आत बघितलं, थोडं पाणी पिऊन घेतलं आणि उरलेलं दिलं. अशी वर्गणी गोळा करून गाडी चालली. बाजूचे प्रवासी आपसात कानडी, तेलुगू, मराठी असं मिसळून बोलत होते. मी मात्र खिडकीच्या गजाला धरून, जणू मीच ती ढकलते आहे अशी बसले होते.

सकाळी वस्तीजवळ पोहोचले तेव्हा प्रथम दिसला तो चिखल. गयाबाईंच्या दारात काळ्या मातीचा चांगला चिखल झाला होता आणि मधोमध नवा हापसा उभा होता. मी तिथेच पिशवी खाली टाकली. इतका आनंद मला या सबंध प्रवासात झाला नव्हता. शालन नव्हती. तिची रजा संपली होती. पाणी लागलं तेव्हा ती होती, हापसा बसला तेव्हा नव्हती, असं शेजारणीने सांगितलं.

हापशावर वस्तीतल्या बाया पाणी भरत होत्या. थोड्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला, गावातल्या बाया रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन उभ्या. त्या जवळ येत नव्हत्या आणि परतही जात नव्हत्या. सगळ्यांत पुढे सरपंचांची आई, कौसाबाई, नऊवारी नेसलेली वाळकी म्हातारी. वस्तीतल्या शेवटच्या बाईने घागर उचलली, तशी कौसाबाई चार पावलं पुढे आली. हापशापासून हातभर दूर थांबली आणि दोन्ही हातांनी घागर पुढे धरून उभी राहिली. कुणीतरी तीत पाणी ओतावं म्हणून.

गयाबाईंचा हात हापशाच्या दांड्यावर होता. त्यांनी त्या पुढे केलेल्या घागरीकडे बघितलं. मला वाटलं, आता यांनी एक शब्द जरी वाकडा टाकला तरी ही सगळी रांग माघारी जाईल आणि पाणी लागूनही न लागल्यासारखं होईल.

"खाली ठेवा घागर," गयाबाई म्हणाल्या. "नळीखाली. आन दांडा धरा."

कौसाबाईने मागे वळून बायांकडे पाहिलं. मग घागर नळीखाली ठेवली, पदर खोचला आणि गयाबाईंचा हात नुकताच जिथून निघाला होता तिथेच दांडा धरला. तिच्यात तेवढा जोर नव्हता. दोनदा दांडा नुसताच करकरला. गयाबाई दोन क्षण बघत राहिल्या, मग त्यांनी पुन्हा हात लावला. दोघींनी मिळून हापसलं आणि पाणी आलं. रस्त्याच्या कडेच्या बाया एकेक करून रांगेत आल्या.

नंतर ओट्यावर चहा पिताना मी म्हटलं, "तुमची भीती उगाचच होती की. पाणी लागलं. आता कोण काय बोलणार आहे?"

"बोलण्याचं भ्या कशाला वाटंल?" गयाबाई म्हणाल्या. "त्याची सवय हाय. माझी माय गावच्या विहिरीच्या खाली अशीच घागर धरून बसायची, दुपार दुपार. कुणाला दया आली की वरून ओतायचं, घागरीला घागर लागू न देता. मी तिच्यासंगं बसलेली हाय."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"पाणी न्हाई लागलं आसतं तर चार बोल खाल्ले आसते आन गप बसले आसते. पाणी लागलं, आन ह्या बाया माझ्या दारात आल्या, तर मी कशी वागंल, त्याचं भ्या व्हतं मला. म्हून शालनला म्हनत व्हते, तिकडं घे."



"पहिल्या दिशी उभं केलं मी त्यांला," त्या पुढे म्हणाल्या. "ऊन डोक्यावर येईस्तोवर. लई बरं वाटलं. काल बी तसंच केलं. पण रातीला भाकर गिळेना."

त्याच संध्याकाळी मी लातूरहून परतीच्या गाडीत बसले. गाडी तशीच सावकाश चालली होती, पण या वेळी मला उतरून चालावंसं वाटलं नाही. घरी आल्यावर पुस्तक पुरं करायला घेतलं. बाकीची प्रकरणं भराभर झाली. कोण किती उंच गेलं, कुणी काय वर सोडलं, हे लिहायला मला अवघड गेलं नाही. शालनचं प्रकरण मात्र अजून तसंच पडून आहे. तिने वरून भेग शोधली, ती बरोबर निघाली, इथपर्यंत मी लिहिते. पुढे गयाबाईंनी तिसऱ्या दिवशी दांड्यावरचा हात काढला, हे विज्ञानाच्या पुस्तकात कुठे घालावं ते मला समजत नाही, आणि ते गाळून पुस्तक छापायला माझं मन तयार होत नाही.