मधुमालतीला लावलेला चिमटा

बुलबुलाची ती पिलं माझ्यामुळं मेली, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी बायकोलाही नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्या आमच्या शेजारच्या कुमुदताई गेल्या महिन्यात गेल्या. सकाळी दवाखान्यातून त्यांच्या मुलाचा, प्रसादचा फोन आला, "काका, आई गेली." 'येतो' म्हणून मी फोन ठेवला, तेव्हा खिडकीतून त्यांच्या कुंपणावरची मधुमालती दिसत होती. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हेच, की आता सांगायचं राहिलंच...

शहराच्या कडेच्या सातारा परिसरात आम्ही घर बांधलं तेव्हा मागं डोंगरापर्यंत मोकळं रान होतं. शेंद्र्याच्या कंपनीतली माझी नोकरी, घरी एक हौसेनं घेतलेला आणि कपाटात पडून असलेला कॅमेरा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या कुमुदताईंनी तो एकदा पाहिला. "कपाटाचे फोटो काढायला घेतलास व्हय रे, सुधीर?" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या अंगणात, पाखरांसाठी पाणी भरून ठेवलेल्या मातीच्या परळासमोर बसवलं. लांब कुठं जायचं नाही, आधी अंगणातली पाखरं, ही त्यांची अट. दुसरी अट शर्टाची. रोज तोच मळखाऊ शर्ट घालून यायचं, म्हणजे पाखरांना ओळख पटते. "धुवायला तरी द्या तो," असं बायको म्हणायची. सुरुवातीला माझ्या फोटोंत पाखरू सोडून सगळं यायचं. ताई चष्मा कपाळावर सरकवून, कॅमेरा डोळ्यांजवळ धरून बघायच्या. "तार छान आलीय. आणि हे शेपूट... कुणाचं म्हणायचं?" कलकलाट करत उतरणाऱ्या सातभाईंना त्या भिशीवाल्या म्हणत. "आल्या बघ. आता कुणाची तरी सून निघणार. तू हलू नको, मी चहा ठेवते." कंपनीत दिवसभर मी चारच शब्द बोलणारा माणूस. त्या अंगणात मात्र हसायचो.

मग दुष्काळाची वर्षं आली. नळाला आठवड्यानं पाणी, टँकरसाठी रस्त्यावर मांडलेले ड्रम. मागच्या रानात प्लॉट पडले, बाभळी गेल्या, आणि पाखरं उरल्यासुरल्या अंगणांत गोळा झाली. ताई भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी मधुमालतीला घालत. त्या वेलीत बुलबुलानं घरटं केलं, पिलं झाली. मला फोटो हवा होता आणि पानं आड येत होती. एका सकाळी ताई स्वयंपाकघरात असताना मी मधली डहाळी बाजूला ओढली आणि वाळत घालायच्या दोरीवरचा चिमटा लावून कुंपणाच्या तारेला अडकवली. उजेड आत शिरला. चोची उघडलेली पिलं स्वच्छ दिसली. फोटो मिळाला. तेवढ्यात कंपनीतून फोन आला, मशीन बंद पडलं होतं, मी तसाच निघालो. चिमटा आठवला तो शेंद्र्यात, दुपारी डबा उघडल्यावर. बाहेर ऊन भाजून काढत होतं. ताईंना फोन करून 'तेवढा चिमटा काढा' एवढंच म्हणायचं होतं. त्या बोलतील, अंगणात येऊ देणार नाहीत, असं वाटलं... मी डबा संपवला.

संध्याकाळी आलो तेव्हा पिलं माना टाकून पडली होती आणि ताई पायरीवर बसल्या होत्या. मोतीबिंदूच्या डोळ्यांना पानांतला हिरवा चिमटा दिसला नव्हता. मी आधी वेलीकडं गेलो, तो काढून खिशात घातला, मग त्यांच्याजवळ आलो. "माझंच चुकलं रे," त्या म्हणाल्या. "घरात पाहुणे होते, तर दोन दिवस वेलीला पाणी नाय घातलं. पानं मिटली. लेकरांना सावली राहिली नाय." खिशात बोटं चिमट्यावर होती. मी म्हणालो, "ऊनच लई होतं, ताई."

त्यानंतर त्यांनी स्वतःच्या आंघोळीचं पाणी कमी केलं. गुडघे धरले तरी अर्धी बादली घेऊन, भिंतीला हात लावत, रोज वेलीपर्यंत जायच्या. तो फोटो त्यांनी माझ्याकडून मागून घेतला, मोठा करून बैठकीत लावला. "एवढं तरी राहिलं त्यांचं," म्हणाल्या. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायच्या, "आमच्या सुधीरनं काढलाय. हात बघा किती स्थिर." मी तेव्हा चहाच्या कपात बघायचो. दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हाही त्यांनी विचारलं ते हेच, "वेलीला पाणी घातलं का कुणी?" मी हो म्हणालो. तेही खोटं होतं. घरी येऊन आधी बादली भरली.

प्रसाद आता ते घर पाडून फ्लॅट बांधणार आहे. "काका, फोटो तुम्ही घेऊन जा, आईचा लाडका होता," असं दोनदा म्हणाला. मी अजून आणलेला नाही. कुंपण आहे तोवर रोज सकाळी तोच मळखाऊ शर्ट घालून वेलीला पाणी घालतो. सातभाई उतरतात, भांडतात, जातात. कॅमेरा नेत नाही. हा लेख छापून येण्याआधी प्रसादसमोर बसून हे सगळं तोंडानं सांगायचं आहे. ते मी सांगेन. पण खरं देणं त्याचं नाही. कुमुदताई, तुमचं पाणी कमी पडलं नव्हतं. हे एवढं वाक्य मी तुम्हाला देणं लागतो.