बाईंचा न पिसलेला गठ्ठा

मी बोलते. फार बोलते. माहेरी मला रेडिओ म्हणायचे. सासरी कोणी काही म्हटलं नाही, कारण त्यांना मधे बोलायला मिळायचंच नाही. पण गेले आठ महिने मी दोघांचं बोलतेय, आणि त्याने मात्र जीव अगदी मेटाकुटीला आलाय. ह्यांना अर्धांगाचा झटका आला. मग हळूहळू हात परत आला, चालणं परत आलं. बोलणं तेवढं आलं नाही. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला, गिऱ्हाइकाला तासन्‌तास बोलण्यात गुंगवणारा माणूस आता नुसता बघत बसतो.

म्हणून दर बुधवारी आम्ही दवाखान्यात जायला लागलो, एक्स-रेच्या पलीकडच्या शेवटच्या खोलीत. दारावर स्पीच थेरपिस्ट अशी पाटी आहे, पण सगळे त्यांना बोलायच्या बाई म्हणतात. सत्तावीस वर्षं त्याच खोलीत. सकाळी अडखळणारी, तोतरी पोरं, दुपारी आमच्यासारखे. आवाज पार घोगरा झालाय. टेबलावर एक आरसा आणि कोमट पाण्याचा थर्मास. घरी गेल्यावर त्या चकार शब्द काढत नाहीत म्हणे. लेक चिडते, "सगळ्या जगाला बोलकं करतेस, आमच्याशी बोलायला तुला जड होतं." हे त्यांनीच एकदा पाणी पिता पिता सांगितलं होतं.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? त्या ह्यांना कपाचं चित्र दाखवणार आणि गप्प बसणार. मनात दहा आकडे मोजायचे, तोवर ह्यांच्याशिवाय कोणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. मला मेलीला कुठलं जमतंय! चारापर्यंत गेले की माझ्या तोंडून "कप" निघालंच.

"काकू, तुम्हाला येतं ते मला माहीत आहे," बाई म्हणायच्या.

अकराव्या खेपेला त्यांनी फाईल पुढे ओढली. "पुढच्या वेळीही फरक दिसला नाही, तर काकांची फाईल मला बंद करावी लागेल. बाहेर किती जण थांबलेत बघा." माझ्या तोंडचं पाणीच पळालं. फाईल बंद म्हणजे हे असेच राहणार, आणि मी मरेपर्यंत एकटीच बडबडणार.

घरी आले आणि लबाडी केली. बाई चित्रं नेहमी एकाच क्रमाने दाखवायच्या, हे मी हेरून ठेवलं होतं. कप, किल्ली, कंगवा, घड्याळ, अशी बारा. मी ती वहीच्या कागदांवर काढली. माझा कंगवा करवतीसारखा दिसत होता, पण चालवून घेतला. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा, ह्यांना समोर बसवून घोकून घेतलं. हे मान फिरवायचे, मी हनुवटी धरून परत वळवायचे. सहाव्या दिवशी गाडी सुटली. बाराच्या बारा! मी आनंदाने शेजारच्या दोन घरांत सांगून आले.

बुधवारी बाईंच्या चेहऱ्यावर दिवसभराचा शीण होता. खण उघडताना गठ्ठा हातातून निसटला आणि चित्रं फरशीवर पसरली. त्यांनी वाकून ती गोळा केली, कशीही. "मी लावून देऊ का?" म्हणेपर्यंत पहिलं चित्र वर आलंसुद्धा.

कात्री होती. चाळीस वर्षं जी हातात धरली ती कात्री बघून हे खणखणीत म्हणाले, "कप." मग छत्री आली. "किल्ली."

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

बाई आता ओरडणार, वाटलं. त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि दमलेलं हसू हसल्या. "पाठ करून घेतलंत होय? पाठ केलेलं आपोआप घरंगळत येतं, काकू. ते बोलणं नव्हे." थर्मासातलं पाणी प्यायल्या. "चूक माझीही आहे. पूर्वी मी हा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून घ्यायचे. आताशा तेवढंही होत नाही."

मी रडायलाच लागले. "एक आठवडा द्या, बाई! मी नवी चित्रं काढते, दिवसभर समोर बसवते ह्यांना, उलटसुलट घोकून घेते, खाऊ देत नाही, झोपू देत..."

"पुरे."

हे म्हणाले. माझ्या मनगटावर हात ठेवला होता त्यांनी. माझ्याकडे बघून जोर लावून परत म्हणाले, "पु... पुरे."

बाई ताठ बसल्या. "हा शब्द शिकवला होतात?"

"छे हो! हा शब्द मला तरी कुठे येतो?"

बाईंनी फाईल उघडली, तारीख टाकली, तो एकच शब्द लिहिला. "पुढच्या बुधवारी या," म्हणाल्या आणि त्याच घोगऱ्या आवाजात पुढच्या पेशंटला हाक मारली.

आठ महिने ज्याची वाट पाहिली तो शब्द आला, तोही मलाच गप्प करायला. राग आला, हसू आलं, आणि रस्त्याने चालताना भडभडून आलं. किती छळलं होतं मी त्यांना!

घरी येऊन माझी चित्रं फाडून टाकली आणि चहा ठेवला. ह्यांना किती साखर लागते ते मला पाठ आहे. तरी विचारलं, "साखर किती घालू?" आणि मनात मोजायला लागले. चारावर जीभ शिवशिवली. ओठ घट्ट मिटून घेतले. सात, आठ, नऊ, दहा.

हे साखरेच्या डब्याकडे बघत होते. मी पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.