वरच्या देवळातला पयला मान

गाडी धुवायच्या धंद्यात दोन गोष्टी साठतात. एक चिखल, दुसरे किस्से. चिखल मी पावसाळ्याच्या आदी जेसीबी बोलावून काढून टाकतो. किस्स्यांना जेसीबी न्हाय. ते डोक्यात बसून ऱ्हातात, नि कोन चा प्यायला टेकला की बाहेर पडतात. आता तुमी टेकलाव, तर ऐका.

माझं वॉशिंग सेंटर रेवसच्या रोडला. मांडव्याला रो-रो बोटीतनं उतरलेल्या गाड्या खारं पानी नि वाळू घेऊन माझ्याकडं येतात. मागं घराला लागून एक पत्र्याची खोली हाय. तिच्यात टीव्ही, नि टीव्हीला गेमचा डबा. तो एका बंगलेवाल्या बाईनं जुन्या कूलरसंगती भंगार म्हनून दिला. तलवारीचा गेम हाय, तीन पार्टचा. राक्षस, जादू, घोडे, सगळं. नि तिन्ही पार्टमदी एक देऊळ. डोंगरावर, दगडी, मदी कुंड, कुंडात निळा जाळ. तो जाळ पेटवला की जखमा भरतात. बाहेर मेलाव तरी परत तिथंच उठता. नि त्या देवळात तलवार उपसता येत न्हाय, कितीबी बटन दाबा. आमी त्याला वरचं देऊळ म्हंतो.

खेळनारे तिघं. एक मी. दुसरा सलीम, बर्फाचा टेंपो चालवतो. कुवेतला होता तेव्हा रूमवर ह्योच गेम खेळून आलाय, नि इंग्लिश त्यालाच वाचता येतं. तिसरा दिन्या, रिक्षावाला, माझा मेव्हना.

दिन्याचं जरा इस्कटून सांगाया लागंल. आमच्या गावात गावदेवीच्या पालखीला पुढचा खांदा कुनाचा, आमच्या वरच्या आळीचा का दिन्याच्या खालच्या आळीचा, यावरनं जुंपली. इकडनं माझा बाबा, तिकडनं दिन्याचा बाप तात्या. म्हंजे माझा सासरा. केस अलिबागला गेली, पालखी कुलपात गेली, नि माझ्या बायकोचं, सुरेखाचं, माहेर बंद झालं. माहेर लांब म्हनाल तर आमच्या परसातनं कौलं दिसतात. आईनं वाळत घातलेलं लुगडं दिसतं. पन उंबऱ्याला पाय लावायचा न्हाय. दोन्ही म्हाताऱ्यांचं एकच, "पयला मान कुनाचा ते ठरू दे. मग ये-जा."

म्हनून दिन्या रिक्षा धुवायच्या नावानं येतो, नि सुरेखा चा द्यायच्या नावानं. भावा-बहिनीची भेट तेवढीच. रिक्षा धुवून धुवून तिचा पिवळा रंग उडाला.

*

पयल्याच दिवशी सलीमचा टीव्हीतला गडी लोखंडी बूट घालून धाडधाड वरच्या देवळात शिरला.

मी वरडलो, "ए, पायतान काढ."

"अरे रम्या, गेम हाय."

"देऊळ हाय का न्हाय?"

"हाय."

"मग काढ."

सलीमनं शोधून शोधून बूट काढायची जागा काढली. तवापासून आमचा नियम झाला. पायरीला थांबायचं, बूट काढायचे, आत जायचं, जाळ पेटवायचा, बाहेर येऊन बूट घालायचे. जगात कोन असं खेळत नसंल.

एकदा दिन्या बूट काखेत मारून बाहेर पडला, घालायला इसरला. बाहेर काटेरी रान. दहा पावलांत त्याचा गडी मेला नि परत देवळात उठला. उठून बघतो तर बूट तिकडं रानात, मड्यासंगती.

दिन्या म्हनला, "दाजी, लग्नातबी माझं असंच झालेलं."

*

पार्ट टूमदी देऊळ पडलेलं दाखवलंय. राक्षसांनी पाडलंय. आता गेममदी सोन्याची नानी मिळतात. त्यांची तलवार घ्या, चिलखत घ्या, न्हायतर देवळाला लावा. शाना मानूस तलवार घेतो.

सलीम बर्फ पोचवायला गेलेला. मी नि दिन्यानं सगळी नानी देवळाला लावली. पायऱ्या बांधल्या, घंटा टांगली, वर कळस बसवला. सलीम संध्याकाळी आला, तर समोर डोंगराएवढा राक्षस नि आमच्या दोघांच्या हातात बांबू.

"तलवारी कुठायत?"

"घेतल्या न्हाय. जीर्णोद्धार केला."

राक्षसानं फुंकर मारली. दोघं जळालो. उठलो वरच्या देवळात. काय चकाचक झालेलं म्हनून सांगू.

मी म्हनलो, "बघ सलीम. मेल्यावर उठायला जागा कशी झाली."

सलीम म्हनला, "जगायचा प्लान कुनाकडं हाय काय?"

*

त्याच देवळाच्या मागं एक दार होतं, कुलूपबंद. चावी काय गावंना. महिनाभर आमी सगळं रान पालथं घातलं. विहिरी बघितल्या, गुहा बघितल्या, एका म्हातारीची गाय शोधून दिली, ती काय देती का म्हनून. तिनं आशीर्वाद दिला. चावी न्हाय.

एक दिवस मुंबईचा एक गिऱ्हाईक आला. पांढरी गाडी, पांढरे बूट. गाडीला फोम मारून ठेवलेला, म्हनून खोलीत डोकावला.

"काका, कुंडाजवळ ते मडकं आहे ना, त्यात चावी आहे. फोडा."

देवळातलं मडकं फोडायचं? मी सलीमकडं बघितलं. तो छपराकडं बघत होता. तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

"सल्या, तुला ठावं होतं?"

"कुवेतपासून."

"मग महिनाभर गाय शोधत फिरवलास आमाला?"

"तुमच्या देवळातलं मडकं फोडा, असं मी सांगू? रम्या, मला ह्याच गावात ऱ्हायचंय."

मग आमी त्या गिऱ्हाइकाच्याच हातात रिमोट दिला नि त्याच्याकडनं फोडून घेतलं. पाप मांडव्याच्या पलीकडं गेलं. गाडीला पॉलिश फुकट मारून दिलं.

*

वरच्या देवळात एक पुजारीन हाय. पांढरे केस, हातात दिवा. तिला काय बी इचारा, एकच बोलते. सलीम सांगायचा, "ती म्हंते, धीर धर, वेळ येईल."

राक्षस कुठाय? धीर धर, वेळ येईल. पूल तुटलाय, पलीकडं कसं जाऊ? धीर धर, वेळ येईल.

त्या दिवशी मी अलिबागला तारखेला जाऊन आलेलो. वकिलानं कोर्टाच्या दारात उभं करून हेच सांगितलेलं, ह्याच शब्दांत. खिशातनं जायचे ते गेले, पालखी कुलपातच. घरी सुरेखानं इचारलं, "काय झालं?" मी काय सांगनार? आलो खोलीत, बसलो गेमला, तर ही बया समोर.

सलीमनं तोंड उघडलं, "ती म्हंते..."

"ठावं हाय मला ती काय म्हंते." तलवारीचं बटन दाबलं. देवळात तलवार निघत न्हाय. परत दाबलं. न्हाय. मग हातातला रिमोटच फेकून मारला.

तवापासून टीव्हीत एक हिरवी रेघ पडलीय. बरोबर पुजारनीच्या नाकावरनं जाते. पन बोलायचं काय तिनं सोडलं न्हाय.

*

सुरेखा पयली पयली गेमवर लई चिडायची. चा आपटून ठेवायची. मग एकदा उभ्या उभ्या बघत बसली.

"अवो, ह्या देवळात देव कुठाय?"

"देव न्हाय. नुस्तं कुंड हाय."

"मग येतं कोन?"

सलीम म्हनला, "भाभी, कोनबी येतं. ह्या टोळीचे, त्या टोळीचे. बाहेर एकमेकांची मुंडकी उडवतात, आत आले की गुमान बसतात. भांडन चालतच न्हाय आत."

सुरेखानं दिन्याच्या हातात कप दिला. मग म्हनली, "मग माझं माहेर तिकडं हलवता येतंय का बघा."

दिन्या चा न पिताच रिक्षा घेऊन गेला. मी नि सलीम टीव्हीकडं बघत बसलो. टीव्ही तर मी तेव्हाच बंद केलेला.

*

आता शेवटचा. ह्यो मी आजपोत्तर कुनाला सांगितला न्हाय, नि तुमीबी गावात बोलू नका.

पार्ट थ्री. वरच्या देवळाची जत्रा हाय. खाली नदीवर एक दगडी दिवा. तो दोघांनी खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा नि कुंडाशी ठेवायचा. एकट्यानं उचलत न्हाय. दुपारच्या टायमाला मी नि दिन्या दिव्यापाशी पोचलो. झालं. दोघांच्याबी डोक्यात एकच.

दिन्या म्हनला, "दाजी, पुढं आमी."

"माझ्या खोलीत? माझ्या टीव्हीवर?"

"मान मानसाचा असतो, टीव्हीचा न्हाय."

आवाज चढले. मी आय-बाप काढले, त्यानं माझे काढले. त्यात आमचा बाबा घरातनं काठी घेऊन आला. तात्या समोरच्या गिरनीत दळन घेऊन उभा होता, तो पीठ लागलेल्या हातानं धावत आला. भांडन लागल्यापासून दोघं एका छपराखाली आलेले ते पयल्यांदाच. सुरेखा दारात कपांचा ट्रे घेऊन उभी.

बाबा म्हनला, "कशावरनं?"

सलीमच बोलला, "पालखीसारखंच हाय, चाचा. पुढं कोन, मागं कोन."

दोघा म्हाताऱ्यांनी टीव्हीकडं बघितलं. नदी, दिवा, डोंगर, वर देऊळ. मग तात्यानं दिन्याच्या हातातला रिमोट काढून घेतला. "सर बाजूला. तुला न्हाय जमायचं." बाबानं माझा घेतला.

सलीमनं दाखवलं, हे बटन दाबून धरायचं, ही दांडी वर ढकलायची, बास. टीव्हीचे दोन भाग झाले. इकडं बाबाचा, तिकडं तात्याचा. बाबा आपल्या भागाला नाक लावून बसला, तात्या आपल्या. शेजारच्या भागात काय चाललंय ते कोन बघत होता? दोघांनी दिवा उचलला.

तेव्हा मी बघितलं. बाबाच्या भागात बाबाचा गडी पुढं. तात्याच्या भागात तात्याचा गडी पुढं. गेमवाल्यांनी असं का केलंय ते त्यांनाच ठावं. मी तोंड उघडलं, तर सलीमनं माझ्या पायावर पाय दिला. वजनदार गडी हाय तो.

दोघं चढाय लागले. तात्यानं खरा खांदा उचलून धरलेला. बाबाला धाप लागली.

"हळू, पायरी हाय."

"दिसतीय मला."

"डावीकडं कलतोय. सांभाळ."

"तू थांब जरा. दम घे."

दोघं थांबले. दोघांनी दम घेतला. परत निघाले. वर पोचले, दिवा ठेवला, निळा जाळ भडकला, घंटा वाजाय लागली. सुरेखानं ट्रे खाली ठेवून हात जोडले.

बाबानं रिमोट ठेवला. "झालं? पुढं कोन होता ते बघितलंस?"

तात्या म्हनला, "बघितलं की. ह्या डोळ्यांनी बघितलं."

"मग आता बोलायला काय ऱ्हायलं?"

"माझ्याकडनं काय बी न्हाय."

"माझ्याकडनंबी न्हाय."

सुरेखा दारातनं म्हनली, "मग ये-जा?"

बाबा म्हनला, "आता काय हरकत हाय?" तात्या म्हनला, "ये की, तुझंच घर हाय." नि दोघं छाती काढून दोन दिशांना गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा नवी साडी नेसून माहेरी गेली. आमच्या परसातनं मला तिच्या आईचं रडनं नि हसनं दोन्ही ऐकाय आलं. संध्याकाळी आली ती हातात डबा घेऊन. चिंबोऱ्यांचं कालवन, तात्याच्या घरचं.

चुलीपाशी मला हळूच म्हनली, "तात्यानं निरोप दिलाय. सासऱ्याला सांग, म्हनला, हरला म्हनून मनाला लावून घेऊ नको."

"सांगितलास?"

"मी कशाला सांगू? डबा दिला."

बाबा पाटावर बसलेला. डबा उघडला, वास घेतला.

"तात्यानं धाडलं?"

"व्हय."

बाबानं भाकरी मोडली. एक नांगी दातानं फोडली, चोखली, डोळे मिटले. मग माझ्याकडं बघून म्हनला, "रम्या, मानूस तसा वाईट न्हाय. हरला, पन काय गुमान हरला."

नि दुसरी नांगी उचलली.