कार्बन प्रत किती वर्षं ठेवायची

सत्तरच्या दशकात मी एका साखर कारखान्याच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात कारकून होतो. ऊस लागणीच्या नोंदींची मूळ वही कडेगावच्या ऑफिसात असायची आणि तिची कार्बन प्रत आमच्या कपाटात. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती तोडीची पाळी त्या नोंदीवरून लागायची. कपाटं भरली तेव्हा साहेब म्हणाले, "जुन्या प्रती किती वर्षं ठेवायच्या ते तुम्हीच ठरवा."

स्वतः ठरवायला त्यांना काय झालं होतं? मूळ वही धड असेल तर प्रत लागतच नाही, आणि वही कधी बिघडेल ते आधी कळत नाही. चार दिवस माझं डोकं चालेना. शेवटी घरचं रान आठवलं. पहिल्या वर्षी लागण, दुसऱ्या वर्षी तोडलेल्या बुडख्यांना फुटलेला खोडवा, तिसऱ्या वर्षी परत फुटलेला निडवा, मग ऊस मोडून रान नांगरायचं. म्हणून तीन वर्षं ठरवली आणि त्याआधीच्या प्रती रद्दीत घातल्या.

त्याच हंगामात कडेगावच्या वह्यांना वाळवी लागली. सुट्टीवर आलेला एक फौजी माझ्या टेबलापुढं उभा राहिला. त्याच्या रानात चौथं पीक उभं होतं, आणि त्याची नोंद आता कुठंच नव्हती.

"तीन वर्षांनी ऊस मोडतात," मी म्हणालो.

"आवं, लय चांगला फुटलाय. कशाला मोडू?"

तो बाहेर गेला आणि सायकलला बांधलेला ऊस आणून त्यानं टेबलावर ठेवला. "ह्यो घ्या पुरावा."

ऑफिसात आलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घालायची मला सवय. मी शिक्का हातात धरून बसलो. घातला क्रमांक, तर हा ऊस किती वर्षं ठेवायचा?